ओहोटीतली प्रदक्षिणा

ओझर, जि. नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोहिणीताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझी खुशाली फोनवर कळतेच, पण श्रीवर्धनच्या आसपास सुट्टीत कुठे पायी फिरावं, हे तू विचारलंस त्याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. नकाशांचे प्रिंट नेणारा कुरिअरवाला आज येणार आहे. त्याच्याकडेच हे पाकीट देते.

माझं काम नेमकं काय, हे तुला मी कधी सांगितलेलं नाही. आमच्या कंपनीच्या सहली ज्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर थांबतात, तिथल्या पायवाटा मी आखते. उपग्रहाच्या चित्रावरून वाट काढायची, चढ-उतार मोजायचे, सावली कुठे, पाणी कुठे, परत कुठून फिरायचं ते लिहायचं. अंदमानातल्या लाँग आयलंडवरून जंगलातून ‘लालाजी बे’ या किनाऱ्यावर उतरणारी वाट मी लिहिली आहे. जाऊन आलेले लोक कळवतात की वर्णन तंतोतंत आहे. मी तिथे गेलेली नाही.

तुझ्यासाठी हरिहरेश्वर. देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा आहे. आधी वर चढायचं, मग दोन कड्यांमधल्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि लाटांनी कोरलेल्या खडकावरून डोंगराला वळसा घालून देवळाशी यायचं. काही ठिकाणी खडक मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आहे. पण ही वाट फक्त ओहोटीला असते, भरतीला ती नसतेच. उपग्रहाचं चित्र एका क्षणाचं असतं. ओहोटीला घेतलेलं असेल तर खडक कोरडा आणि रुंद दिसतो, अगदी घर बांधावं असा. म्हणून चित्राची वेळ भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्याशिवाय मी वाट लिहीत नाही.

पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सकाळी जा. उजाडताना पाणी खूप लांब गेलेलं असतं. गावातल्या माणसाला विचारूनच उतर, आणि पाणी वळलं की तूही वळ.

मीही चालते, संध्याकाळी, गच्चीवर. त्या दिवशी आखलेली वाट तेवढी चालून बघते, चढ असेल तिथे जिना वापरते. सासूबाई खालून ओरडतात, "वेदिका, गच्चीवर काय पेरतीस का गं? सिमिट झिजंल ना!" मळ्यातल्या बायका हसतात. मीही हसते.

तू म्हणतेस तसं तुझ्याबरोबर तिकडे यायला आवडेल. ऑफिसलाही कोकणातल्या वाटा कुणीतरी प्रत्यक्ष चालून तपासायला हव्या आहेत. मार्चअखेर मी गेले नाही तर ते काम दुसऱ्याकडे जाईल, आणि मग मलाही नोकरीत ठेवण्याचं कारण उरणार नाही. बघू. सध्या द्राक्षांचा खुडा चालू आहे.

रोहितचा नमस्कार.

तुझी,
वेदिका


ओझर
५ मार्च २०२५

ताई,

"तिला आठ दिवस पाठवा," असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा फोन स्पीकरवर होता. या घरात सुनेचा फोन स्पीकरवरच असतो. मोबाइल माझा आहे, पण तो हॉलमध्ये चार्जिंगला असतो आणि उघडता सगळ्यांना येतो. पत्र लिहिण्याचं कारण हे आहे. मागच्या पत्रात दुसरं दिलं होतं.

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. "मुराळी धाडा की! आम्ही कुठं नाय म्हणतो? बिनमुराळ्याची सून कधी माहेराला गेली का?" हे तू ऐकलंस. न्यायला येणारा भाऊ आपल्याला नाही. म्हणून तू चुलतभावाला, हिरामणदादाला, पाठवलंस.

तो रविवारी लासलगावहून आला. मी बॅग दाराशी ठेवली होती. सासूबाईंनी मटण केलं, भाकरी स्वतः थापल्या, आग्रह करकरून वाढलं. मग त्याला पाटावर बसवून कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपी दिली. "कशाला, कशाला," म्हणत त्याने टोपी घातली.

"पाव्हणं, खुडा होऊ द्या, मंग तुम्हीच या न्यायला," त्या म्हणाल्या. "पोरगी तुमचीच हाय."

आपल्याकडे टॉवेल-टोपी घेतल्यावर माणूस वाद घालत नाही. मान घ्यायचा आणि निघायचं. दादाने टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेदे, समुद्र काय पळून जातोय का?"

तो गेल्यावर सासूबाईंनी बॅग उचलून माळ्यावर टाकली. रागाने नाही, भांडी आवरावीत तशी. संध्याकाळी रोहित कारखान्यातून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू तर रोजच फिरतेस की. स्क्रीनवर." तो वाईट नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

खुड्यानंतर छाटणी, छाटणीनंतर उन्हाळ कांदा. इथला हंगाम संपत नाही, फक्त पीक बदलतं. लग्नानंतर महिनाभर घरूनच काम कर म्हणाले होते, तो महिना अजून चालू आहे. मळ्याच्या फाटकाबाहेर मी एकदाही एकटी गेलेली नाही. हे वाक्य मागच्या पत्रात लिहिलं होतं. मग तो कागद फाडून पत्र पुन्हा लिहिलं.

हे स्थळ तू आणलं होतंस, म्हणून लिहिलं नाही. तुला दोष देत नाही. आपण घर बघायला आलो तेव्हा त्यांनी बाग दाखवली, माझ्या कॉम्प्युटरसाठी खिडकीजवळ मांडलेलं टेबल दाखवलं. "नोकरी कर, हिंड, फिर," असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. ताई, ते घर आपण ओहोटीला पाहिलं. वेळ ताडून बघायचं तुला सुचलं नाही, आणि मला तर सुचायला हवं होतं.

आता तू ये.

काल मी सासूबाईंना सरळ विचारलं, "मुराळी म्हणून बहीण आली तर?" शेजारच्या मळ्यातल्या दोघी पापड लाटायला आल्या होत्या. सासूबाईंना हसू आवरेना. "बाईमाणूस मुराळी? येऊ दे की! बघू तरी कशी असती!" त्या गमतीने बोलल्या, पण चार माणसांत बोलल्या. तेवढा शब्द त्या मोडणार नाहीत.

बुधवारी, १२ तारखेला, सकाळी तुझी गाडी घेऊन ये. तुला टॉवेल-टोपी देता येणार नाही, म्हणून तुझी ओटी भरतील. साडी काढून ठेवलेली मी पाहिली आहे, मोरपंखी, चांगली आहे. ओटी भरली की पाहुणीने उठायचं असतं, हे त्यांना माहीत आहे. म्हणून चहा घे, पोटभर जेव, गोड बोल, पण पाटावर बसू नकोस. आधी मी गाडीत बसेन. मग हवं तर गाडीच्या दाराशी पदर पुढे कर.

शुक्रवारी पौर्णिमा आहे. उजाडताना पाणी लांब गेलेलं असेल. मला त्या फटीतून उतरून खडकावर पाय ठेवायचा आहे. परत कधी फिरायचं ते मी अजून लिहिलेलं नाही.

फोन करू नकोस. माळ्यावरून बॅग काढता येणार नाही, त्यामुळे हातात काही नसेल. बूट मात्र पायात असतील.

वाटेकडे डोळे लावून,
वेदिका