भिमाबाईचा मुलगा

वाशी, २० नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास,

शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. (थांबला नसला तरी प्रार्थनेच्या यादीत त्यांचं नाव जूनपासून आहे, मीच लिहिलंय.) आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे पोस्टकार्डावर कळवलंच होतं. कसं झालं ते कळवलं नाही, कारण कार्ड पोस्टमन वाचतो आणि आमचा पोस्टमन आमच्याच मंडळीतला आहे.

तुला ठाऊक आहे, मी मंडळीच्या सेवा समितीचा सेक्रेटरी. (आम्हाला अजून चर्च नाही, शाळेच्या हॉलात उपासना होते, पण समित्या सहा आहेत आणि त्यांतल्या चारांत मी आहे.) रविवारी उपासना आटोपली की बसने दिघ्याला जातो. तिथल्या कामगार वस्तीत कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा अर्ज, कुणाचा दवाखाना. तिथे भिमाबाई राहते, मराठवाड्यातली बौद्ध म्हातारी. एकुलता मुलगा वारला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ठाण्याच्या दवाखान्यात मी तिचं नाव घातलं, त्याच दिवशी आईचंही घातलं. दोघींना पाच तारीख मिळाली. मी वहीत तसं लिहिलं, आईला तसं सांगितलं, आणि मग कसं कोण जाणे, आईची बारा तारीख असं डोक्यात घेऊन बसलो.

पाच तारखेला सकाळी सहाला ‘दवाखान्याचं बघतो’ म्हणून घराबाहेर पडलो. आईला वाटलं, रिक्षा आणायला गेला. सुवार्ता तिच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. (मी टाइम ऑफिसात आणि ती नर्स, आमचा संसार पिठाच्या डब्याखाली ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो.) मी रिक्षा केली ती दिघ्याहून, भिमाबाईसाठी. दवाखान्यात फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. म्हातारीला कुणी नाही, म्हणून मी ‘मुलगा’ असं लिहून सही ठोकली. देवाची सेवा केल्यासारखं वाटत होतं तेवढ्यात शेजारच्या यशोदाबाई आईचा हात धरून आत आल्या.

मी उठून “आई” म्हणालो. सिस्टर कागद बघून म्हणाली, “अहो, तुम्ही तर भिमाबाईचे ना?” आई म्हणाली, “राहू दे बाई, मी शेजारणीसंगं आलेय.” यशोदाबाई मूळच्या इथल्या गावातल्या, तोंडावर बोलणाऱ्या. “सकाळपासून पिशवी मांडीवं घेऊन बसलेली हाय तुजी आय,” म्हणाल्या. शेजाऱ्यावर प्रीती करा हे मी दिघ्यात सांगत फिरतो. माझ्या आईवर ती शेजारणीनं केली.

दोघींना खाटा शेजारी-शेजारी मिळाल्या. पाच दिवस भिमाबाई डोळ्यावरच्या पट्टीखालून माझी स्तुती करत होती आणि आई “हो का” म्हणत होती. तेवढ्या रजेत ऑफिसातली सिनिअर क्लार्कची जागा विलासला गेली. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. साहेब म्हणाले, “देवावर ठेवता तशी थोडी श्रद्धा मस्टरवरही ठेवा.”

मी थेट पाळकसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, मला मोकळं करा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेच्या मध्यावर ‘नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेणाऱ्या तुझ्या या सेवकाला सामर्थ्य दे’ असं वाक्य आलं. प्रार्थना चालू असताना नाही म्हणता येत नाही, अक्का. मी आमेन म्हणून घरी आलो.

घरी आई माझ्याशी बोलत नाही. रागावत नाही, फक्त काही मागत नाही. पूर्वी संध्याकाळी मी तिला पवित्र शास्त्र वाचून दाखवायचो. आता यशोदाबाईंची सगुणा येते. ती नबुखद्नेस्सर राजाच्या नावापाशी चार वेळा अडखळते आणि आई म्हणते, “सावकाश वाच, घाई नाही.” मी स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकतो. इतक्या वर्षांत मला तिने सावकाश वाच असं कधी म्हटलं नाही. मी नेहमी घाईत असायचो आणि तीच म्हणायची, पुरे आता, जा.

सगळ्या समित्यांचा राजीनामा लिहून ठेवलाय. मुलांचे तुला व दाजींना सलाम.

तुझा भाऊ,
शांतवन

ता. क. आईला संगमनेरला, तुझ्याकडे, कायमचं यायचं आहे. तिने पेटी भरायला घेतली आहे. कृपा करून घरात जागा नाही असं लिही. खोटं लिहिल्याचं पाप मी माझ्याकडे घेतो, पण तिला नेऊ नकोस.

ता. क. २. पत्र शनिवारी पोचेल असं टाकू नकोस, शनिवारचं टपाल आमचा पोस्टमन रविवारी उपासनेनंतर घरी देतो, तेव्हा मी नसेन आणि सगुणा ते आईला वाचून दाखवेल. मी दिघ्याला असतो. भिमाबाईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली आहे.