सरासरी नऊ मिलिसेकंद

३ ऑक्टोबर, सकाळ. दहिवली.
अॅप तयार! साप चावला की कोणत्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन शिल्लक आहे, ते सांगणारं. कर्जत-खालापूरचे त्रेपन्न दवाखाने. यादी सरकवताना अडखळता कामा नये म्हणून स्क्रोलिंग मोजलं. स्क्रीनवरचं चित्र सोळा मिलिसेकंदांच्या आत बदललं पाहिजे. माझ्या फोनवर सरासरी नऊ. बायकोला दाखवलं. संजना म्हणाली, छान, आता दुधाखालचा गॅस बंद कर.

६ ऑक्टोबर.
सरपंच मंडळींची बैठक. यादीत प्रत्येक दवाखान्याच्या नावापुढे 'शुभेच्छुक' म्हणून आपला फोटो हवा म्हणाले. मोठा, हात जोडलेला. ठाम नकार देणार होतो. एकशे बारा फोटो घातले. उपसरपंचही होते.

९ ऑक्टोबर.
कडावच्या वरच्या वाडीच्या आशा सेविका सुरेखाताई आपला फोन घेऊन आल्या. यादी पहिल्याच नावावर अडकलेली. म्हणाल्या, दादा, ह्यो मानूस हात जोडून उबाच हाय, फुडं जात नाय. मोजलं. एक चित्र बदलायला चार सेकंद. अपवाद! तसे अपवाद वगळून सरासरी अकरा. फोन बदला म्हटलं. हसल्या. कापणी लागलीय, भाऱ्याखाली घोणस निघते, असंही म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर.
सुरेखाताईंच्या वाडीत चिंधी नावाच्या बाईच्या पायाशी घोणस निघाली. चावली नाही. संकल्प: सोमवारपासून फोटो काढून टाकायचे. सरपंच गेले खड्ड्यात.

१६ ऑक्टोबर.
सोमवार कामात गेला. बाबांनी आपल्या फोनवर अॅप टाकून घेतलं. शेतावर सगळ्यांना दाखवतात, माज्या पोरानं केलंय म्हणून. फोन सात वर्षांचा. त्यावर मोजलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?

१८ ऑक्टोबर, दुपारी चार. दवाखान्याचा बाक.
साडेअकराला शेतावर भारा उचलताना बाबांच्या मनगटाला घोणस चावली. माझा फोन घरी चार्जिंगला. बाबांचा घेऊन यादी उघडली. पहिला सरपंच हात जोडून हसत होता. बोट घासत राहिलो, तो हसतच राहिला. बाबा म्हणाले, दमानं रं, फोन बिगडंल.
संजनाने शेजारच्या शेतातल्या बाईच्या फोनवरून सुरेखाताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, जवळचा दवाखाना नको, तितलं इंजेक्शन कालच संपलंय, स्टेशनाजवळच्या डाक्टरकडं चला. टेंपोतून आणलं. सूज खांद्यापर्यंत गेली आहे. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येणार नाही.

१९ ऑक्टोबर, सकाळी दहा.
बाबांच्या लघवीत रक्त. डोळे उघडले, मला ओळखलं नाही.
सुरेखाताई आल्या. मी म्हटलं, फोटो आजच काढून टाकतो, आता यादी तुमच्या फोनवरही पळेल. त्या म्हणाल्या, दादा, राग मानू नका, वाडीतल्या बायांनी ते अॅप कवाच काढून टाकलंय. मीच सांगितलं. माजा नंबर पाठ करून घेतला सगळ्यांकडनं.
तुमच्या बाबांनाबी सांगनार व्हते, म्हणाल्या. पन ते येवड्या कौतुकानं दाखवत व्हते, माजी जीभच रेटली नाय.