'पेनलेस' म्हणे

३ जून
कन्येचा फोन. जावईबापू चांगली नोकरी सोडून स्वतःचा दातांचा दवाखाना काढतायत. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलंय. बोर्डाचा इंग्रजी मजकूर मी लिहून देतो म्हटलं. हेड टायपिस्ट म्हणून रिटायर झालेला सासरा घरात असताना बाहेरच्याला कशाला? जावईबापू नुसतं 'बरं' म्हणाले. भारावले असावेत.

४ जून
दाढ ठणकतेय. लक्ष द्यायला वेळ नाही.

६ जून
मजकूर तयार. शब्द उघडेबोडके दिसत होते, म्हणून महत्त्वाच्यांना इन्व्हर्टेड कॉमा चढवले. 'क्वालिफाइड' डेंटिस्ट. 'पेनलेस' ट्रीटमेंट. 'क्लीन' इन्स्ट्रुमेंट्स. कसे सुटाबुटात उभे राहिले! जावयाच्या नावावर एक स्टार. पेंटर म्हणाला, स्टार दिला की खाली काहीतरी लिहावं लागतं. त्याने रंग द्यावा. ग्रामर माझ्याकडे.

११ जून
उद्घाटन. बोर्डासमोर ही गर्दी! लोक फोटो काढत होते, एकमेकांना दाखवून हसत होते. चांगल्या इंग्रजीची भूक आहे लोकांना. आत कोणी आलं नाही. पहिला दिवस, लाजतात.

१४ जून
एक आजोबा गाल धरून आले. स्टार पाहिला, वाकून बोर्डाच्या तळाशी अटी शोधल्या, सापडल्या नाहीत. मी हाक मारली तर चालते झाले. फारसं दुखत नसणार.

१८ जून
अजून पेशंटचा पत्ता नाही. कन्या येऊन चिडली. म्हणाली, बाबा, साध्या शब्दाला अवतरणचिन्हं लावली की अर्थ उलटतो, 'क्वालिफाइड' म्हणजे क्वालिफाइड म्हणे! झालं. आमच्या बायकोला तेवढंच हवं होतं. क्वालिफाइड म्हणे, पेनलेस म्हणे, क्लीन म्हणे, असा अख्खा बोर्ड वाचून दाखवला आणि पोट धरून हसली. हिचं इंग्रजी यथातथाच. ऑफिसात मला कधी कोणी टोकलं नाही. साहेबांच्या मानपत्रात मी त्यांना 'ऑनेस्ट' लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात माझी रेकॉर्ड रूमला बदली झाली, तो निव्वळ योगायोग.
लोकांचा संशय फेडायला उद्या तीन उद्गारचिन्हं वाढवायची.

२० जून
वाढवली. 'पेनलेस'!!! पलीकडच्या गल्लीतल्या डेंटिस्टकडे रांग. जावईबापू पेशंटच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते, तोही जुना. कन्येचे डोळे लाल दिसले. नवीन रंगाचा वास असेल.
दाढ भयंकर. घरचाच डॉक्टर असताना जात का नाही, असं हिने विचारलं. म्हटलं, आधी पेशंटांचा मान. खरं तर तो बोर्ड वाचला की मलाच धडकी भरते.

२३ जून
सहन होईना, गेलो. माझा बोर्ड उतरवलेला. नव्या बोर्डावर नुसतं नाव आणि खाली दातांचे डॉक्टर. चिन्ह औषधालाही नाही. बाकावर दोन बायका नंबर लावून बसलेल्या. जावईबापूंनी दाढ काढली. शपथ सांगतो, अजिबात दुखलं नाही. म्हणजे बोर्डावर सगळं खरंच होतं की. मीच खोटं पाडलं.
घरी आलो तर कन्येचा मेसेज. बाबा, तुमच्या 'मदती'बद्दल थँक्यू.
हिला दाखवला. हिने वाचला, मोबाईल परत दिला. या वेळी हसली नाही.
हे मात्र दुखलं.