खालच्या डोळ्यावरचं टोपण

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता म्हातारपणी लिहायला बसलोय, तर वाचून दाखवावं असं समोर कुणी नाही. माझं सगळं असंच, वरातीमागून घोडं.

दुसऱ्या लढाईच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी मुंबईत फोटोच्या दुकानात कामाला होतो. मालकांचा नवाकोरा दोन डोळ्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि रेवसच्या बोटीने किहीमला आलो. तुझा एकही फोटो नव्हता ना! फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तू मानायचीस. बाबा गेल्यावर तर ऐकूनच घेईनास. पण हा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्याच्या काचेत बघायचं, ते तुला पटलं. "ह्यो बरा हाय. त्यो मागचा फोटूवाला डोलं वटारून बघत व्हता मेला!" वलांडीच्या आडव्या बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांपाशी तू उभी राहतेस. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मी म्हणतो, "उजवीकडे सरक," तू सरकतेस आणि काचेत भलतीकडेच जातेस. मी ओरडतो, "अगं, दुसरीकडे!" तू कमरेवर हात ठेवून हसतेस, "मुंबैला जाऊन डावा हात इसरलास काय र?" काय दिसत होतीस तू! बाराच्या बारा फोटो मी तिथेच काढून टाकले.

दुकानात फिल्म धुतली, तर सगळी कोरी. या कॅमेऱ्यात बघायचं वरच्या डोळ्यातून, फोटो निघतो खालच्यातून. वाळू उडेल म्हणून खालच्यावर मी टोपण ठेवलं होतं, ते काढायचंच राहिलं. वर तू हसत होतीस आणि खाली मिट्ट काळोख.

इकडे तू गावभर सांगत सुटलेली, "माजा फोटू येनार हाय." होळीला रिकाम्या हाताने कसा येऊ? दुकानात कुणा कोळणीचा, तिने न नेलेला फोटो पडून होता. तुझ्याच बांध्याची, तसंच लुगडं. तुझी नजर मंदावली होती, म्हटलं जाईल खपून, आणि तो तुझ्या हातात ठेवला. तू चुलीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघितलास. मग तिच्या कपाळावर बोट टेकवून म्हणालीस, "कुकू हाय. तुजा बाप जिता व्हता तवाचा काय र ह्यो?"

मी वाकून चुलीतलं लाकूड आत सारलं. तेवढ्यात शेजारीण दारात आली. तू फोटो तिला लांबूनच दाखवलास, हातात दिला नाहीस. "बघ, माज्या लेकानं काडलाय." पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं गं.

पुढच्याच वर्षी तू गेलीस. तो फोटो तुझ्या पेटीत निघाला. माझ्या बायकोने तुला पाहिलेलं नव्हतं. तिने तो हौसेने चौकटीत बसवला, हार घातला. आता नातवंडं त्या बाईलाच पणजी म्हणून नमस्कार करतात. मी अजून गप्पच आहे. लाज वाटते, आये. आणि त्याहून वाईट सांगतो. हल्ली डोळे मिटून तुला आठवायला बसलो, की तीच बाई येते.