वेगळी चूल

माय,

परवा शेजारची म्हातारी निराधारांच्या पगाराचा अर्ज भरून घ्यायला आली. नांदेडला आल्यापासून गल्लीतले असले कागद माझ्याकडंच येतात. 'सांभाळणारे कोणी आहे काय' या रकान्यापाशी माझा हात थांबला. म्हातारी म्हणाली, "'न्हाई' लिवा की, सगळेच लिवतेत." चष्मा सापडत नाही असं सांगून मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

तुझा अर्ज मीच भरला होता. पोटचा मुलगा तुझ्यासमोर बसून 'कोणी नाही' असं लिहीत होता, आणि अक्षर चांगलं यावं म्हणून जपत होता. सरकारचंही अजबच. मुलगा आहे म्हटलं की त्यानं पोसावं, मग त्याच्या हाताला काम असो नसो. मुलानं टाकलं म्हटलं की लगेच दया. घर एकत्र धरून बसलेल्याला कुणी विचारत नाही. चौकशीला साहेब येणार म्हणून मी मागच्या खोलीत तीन विटांची चूल मांडून दिली. त्यांनी विचारलं, "मुलाकडं जेवता का?" माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "न्हाई साहेब. येगळी हाव मी. तुळजाभवानीची आण."

आण घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?

साहेब गेल्यावर मी विटा काढायला वाकलो, तर तू हात धरलास. "राहू दे लेकरा. देवीचं नाव घेतलंय. आता तुझ्या घरात जेवले तं खोटी पडन मी." मला वाटलं, चार दिवसांत विसरशील. तीन वर्षं तसंच चाललं. नातवाला तुझ्या तव्यावरची भाकरी द्यायचीस, पण आमच्या घरचं मीठसुद्धा घेत नव्हतीस. सणाचं ताट उंबऱ्यावरून परत यायचं. मग एका सकाळी उन्हं वर आली तरी मागून धूर निघाला नाही. रात्री हाक मारली होतीस का, तेही माहीत नाही. मधे एकच भिंत होती.

तुझ्याबद्दल लोक म्हणतात, म्हातारी हट्टी होती. मीही तेच सांगत आलो. पण देवीला जाऊन, नारळ फोडून, चूक कबूल करून आण सोडवता येते, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? तू एकदा विचारलंही होतंस, "तुळजापूरला नेतोस का रे?" मी हो म्हणालो आणि नेलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. तुझी आणि सुनेची रोजची धुसफूस थांबली होती, घर शांत झालं होतं. मला ते बरं वाटत होतं, माय.