मंगळूची साक्ष

ठाणे, १२ फेब्रुवारी १९५३

चि. सौ. वेणूस आशीर्वाद, आणि धाकापोटी थोडा नमस्कारही.

जव्हारहून खटल्यासाठी आलेली आम्ही सगळी मंडळी इथे सुखरूप आहोत. तुझे लाडू पुरले; दात अजून शाबूत आहेत.

आपल्या फुटबॉल क्लबाच्या मैदानाचा निकाल उद्या आहे. तिथे वखार घालू पाहणाऱ्या व्यापाऱ्याचा वकील म्हणतो, संस्थान गेलं, तसा मैदान खेळायला दिल्याचा संस्थानाचा तोंडी शब्दही गेला. आपल्याकडे कागद नाहीच. होता तो म्हातारा मंगळू. त्यानेच तो माळ सपाट केला आणि तो शब्द कानांनी ऐकला.

काल कोर्टात त्याला विचारलं, "जमीन कोणाची?" 'क्लबाची' म्हण, असं मी दहादा पढवलं होतं. मंगळूने हात जोडले. "धरतरीची, साहेब. आम्ही तं तिच्यावर नुसतं खेळतो."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, मी चुकलो का?" वीस वर्षं मुलांकडून सत्याची सुभाषितं घोकून घेणारा मी. म्हटलं, "नाही, बाबा."

मधूचा खोकला कसा आहे? खरं लिही, तुझं 'बरं आहे' मला पाठ आहे.

मैदान गेलं तर पोरं मंगळूला बोल लावतील. तू त्यांना आधीच सांगून ठेव, की त्याला साक्षीला मी उभं केलं, आणि खोटं बोलायलाही मीच शिकवलं होतं.

तुझा,
त्र्यंबक