तंगुसाचं कुरळं टोक

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि रविवारपासून मी तुझ्यावर चिडलेय. म्हणजे रडू येतंय, आणि ते ज्याच्यावर काढावं असं दुसरं कुणी सापडत नाही.

खाडीवरचा जुना पूल आठव. बंदरातल्या कामावरून तू काडीसारखा हलका रॉड आणला होतास, जहाजावरच्या कुणीतरी दिलेला, आणि डबीभर खोटे मासे, बोटाएवढे. सगळं गाव हसलं. जिताड्याला जिवंत कोळंबी लागते, खेळणी नाही, म्हणून आईनेही नाक मुरडलं. पण तू भरती लागताना तो इवलासा मासा खांबाच्या सावलीत टाकायचास, मनगट जरासं हलवायचास, आणि खाली पाणी फुटायचं. खोट्या माशाला तंगूस, तो नायलॉनचा बारीक दोरा, बांधायचं काम माझं. पाच वेढे घ्यायचे, थुंकी लावायची, मग ओढायचं. कोरडा ओढला तर तंगूस निसटतो, हे तू शंभरदा सांगितलं असशील.

त्या सकाळी तुला जिताडा हवाच होता. बांधावरून आत्याशी बोलणं तुटलेलं, आणि दुपारी तिच्या मुलीचा साखरपुडा. जिताडा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी परत पाठवत नाही. तू म्हणालास, "मासा हातात असला का तोंड उघडावं लागत नाय." आणि तो लागलासुद्धा, चांगला हातभर. रॉड पाण्याकडे वाकला, आणि मग एकदम सैल. तू तंगूस गुंडाळलास, टोकाकडे पाहिलंस, ते दातात धरून तोडलंस आणि पाण्यात थुंकलास. "खांबावरच्या कालवांच्या धारेला घासला. हितं टाकायला नको व्हता, माजंच चुकलं."

रिकाम्या हाताने तू साखरपुड्याला गेला नाहीस. पुढच्या वर्षी आत्या गेली, न बोलताच. तिच्या दहाव्याहून परतताना मी तुला म्हणाले, हट्टाने खांबाजवळ टाकला नसतास तर बहीण तरी उरली असती तुला. तू म्हणालास, "हा गो." एवढंच. नंतर कितीतरी घरांत मी हे सांगितलं, आमच्या बाबाचा हट्ट म्हणून, हसून हसून.

परवा रविवारी आमचे हे माझ्याबरोबर पुलावर आले. रिटायर झाल्यापासून घरात करमत नाही त्यांना. डोक्यावरून विमानं जातात आता, तरी जिताडे खांबापाशी येतातच. पहिल्यांदाच यांनी गाठ स्वतः मारली, मला हात लावू दिला नाही. जिताडा लागला आणि गेला. तंगूस वर आला तेव्हा टोक वेलीच्या तणाव्यासारखं कुरळं. कालवांच्या शिंपल्यांनी कापलेला तंगूस खरबरीत येतो, असा कुरळा येतो तो फक्त गाठ निसटली की. यांचं तोंड एवढंसं झालेलं. मी विचारही केला नाही, ते टोक दातात धरलं, तोडलं, थुंकले आणि म्हटलं, कालवांना घासला, मीच इथे टाकायला सांगितलं.

तोंडात खारट चव आली. मी तिथेच कठड्याला टेकले. यांना वाटलं, ऊन लागलं.

आता हे सगळ्यांना सांगत सुटलेत, हिने खांबाजवळ टाकायला लावलं म्हणून जिताडा गेला. काल जावेसमोरही तेच. मी "हो" म्हणाले आणि आत जाऊन भांडी आपटली. दोन दिवस नाही निभत माझ्याच्याने, आणि तू बहीण गमावून जन्मभर निभावलंस. एकदा तरी ओरडायचं होतंस रे माझ्यावर.

हा कागद खोट्या माशांच्या डबीत ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी गाठ मारताना माझ्या तोंडात बोर होतं. थुंकी लावायला ते टाकून द्यावं लागलं असतं, म्हणून मी कोरडीच ओढली. हे मला रविवारी नाही कळलं, बाबा. तू टोक तोडलंस, तेव्हाही मला माहीत होतं.